रुमालाखालचा भाव आणि उघडी निविदा

भिवापूर हे मिरचीचे गाव. भौगोलिक मानांकन लाभलेल्या भिवापुरी मिरचीचे नाव नागपूर जिल्ह्याबाहेरही घेतले जाते. ज्या गावाने मिरचीचे ढीग बाजारात मांडले आणि त्यांवर बोली लागताना पाहिली, त्या गावाला भाव म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. ढीग एकच, बोलणारे अनेक, आणि प्रत्येकाची बोली सर्वांच्या कानी पडते. उघड्या लिलावाचे मर्म ते हेच.

पण बाजार नेहमी असा उघडा नव्हता. देशातील अनेक बाजारपेठांत पूर्वी 'हत्ता' पद्धतीने सौदे होत. अडत्या आणि व्यापारी हातावर रुमाल टाकीत आणि त्याखाली बोटे दाबून भाव ठरवीत. शेतकरी शेजारीच उभा असे. माल त्याचा, घाम त्याचा, पण भाव मात्र रुमालाखाली. कोणी किती बोलले, जास्त बोलणारा का डावलला गेला, हे त्याला कधीच कळत नसे. या अंधारावर पहिला उजेड पडला तो विदर्भातच. १८८६ साली वऱ्हाडातील कारंजा येथे देशातील पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला. १८९७ साली वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठी कायदा झाला आणि १९६३ साली महाराष्ट्राचा कृषि उत्पन्न बाजार कायदा आला. या कायद्यांनी सौदा उघडा केला, माप खरे केले आणि हिशेबाची चिठ्ठी शेतकऱ्याच्या हाती दिली.

शेतमाल विकताना जो न्याय, तोच काम करून घेताना लागू पडतो. फरक एवढाच की लिलावात जास्तीत जास्त भाव शोधावयाचा असतो आणि कामाच्या निविदेत योग्य कामाचा वाजवी भाव शोधावयाचा असतो. मंदिराचा जीर्णोद्धार म्हटला की दगड, विटा, सिमेंट, लोखंड, फरशी, कळस, रंग, वीज अशी अनेक कामे निघतात आणि प्रत्येक कामामागे देणगीदारांचा पैसा असतो. कोणी शेताच्या उत्पन्नातून देतो, कोणी निवृत्तिवेतनातून, कोणी मजुरीतून. हा पैसा कोणाच्या हाती, कोणत्या भावाने आणि का गेला, हे विचारण्याचा हक्क प्रत्येक दात्याला आहे. निविदेची पद्धत म्हणजे या प्रश्नाचे आगाऊ लिहून ठेवलेले उत्तर होय.

हा केवळ व्यवहाराचा संकेत नाही. तो नियमही आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा १९५० साली झाला आणि त्याखालील नियम १९५१ साली. त्या नियमांप्रमाणे हिशेब तपासनिसाने आपल्या अहवालात जी उत्तरे द्यावयाची, त्यांत एक प्रश्न असा घातला आहे : पाच हजार रुपयांहून अधिक खर्चाच्या दुरुस्ती किंवा बांधकामासाठी निविदा मागविल्या होत्या काय? लहानशा देवस्थानालाही हा प्रश्न चुकत नाही. नियम करणाऱ्यांनी तो का घातला असावा, हे समजून घ्यावयाचे तर मागील दोनशे वर्षांवर नजर टाकावी लागते.

निविदेपूर्वीचा काळ

जुन्या काळी गावातील देवळाच्या कामाला निविदा नव्हती, कारण बाजारच नव्हता. सुतार, लोहार, कुंभार हे बलुतेदार गावाचेच. त्यांचा मोबदला सुगीच्या धान्यात ठरलेला. गवंडी पाथरवट बाहेरून आले तर त्यांना रोजावर ठेवीत आणि गाव देखरेख करी. काम वाईट झाले तर करणाऱ्याला त्याच गावात तोंड दाखवावयाचे असे. हीच त्या काळची सुरक्षा अनामत.

मोठ्या देवालयांचे काम राजाश्रयाने चाले. त्र्यंबकेश्वराचे आजचे मंदिर नानासाहेब पेशव्यांनी १७५५ साली बांधावयास घेतले आणि ते १७८६ साली पुरे झाले, म्हणजे कामास एकतीस वर्षे लागली. खर्च सुमारे सोळा लाख रुपये झाला असे सांगतात. तेथे खजिना पेशव्यांचा होता आणि मुदतीची घाई नव्हती. देणगीवर चालणाऱ्या कामाला असे दिवस काढता येत नाहीत. वर्षे लांबली की भाव वाढतात, दात्यांचा उत्साह ओसरतो आणि अर्धवट शिखर पावसात उभे राहते.

चढ्या बोलीची जखम

बोलीचा दुसरा एक अनुभव मराठी मुलखाने घेतला आणि तो कडू होता. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत मामलती इजाऱ्याने देण्याची चाल वाढली. जो जास्त रकमेची बोली करील त्याला परगण्याची वसुली मिळे. हुजुरातील खजिना भरला, परंतु इजारदाराने बोलीचे पैसे वसूल केले ते रयतेकडूनच. पुढल्या वर्षी दुसरा कोणी जास्त बोलेल ही टांगती तलवार असल्याने जमिनीची निगा राखावी, विहीर बांधावी, रयत जगवावी, असे इजारदाराला वाटण्याचे कारणच उरले नाही. एल्फिन्स्टनने १८१९ साली पेशव्यांकडून घेतलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात या इजारेपद्धतीचे दुष्परिणाम नोंदविलेले आहेत.

नागपूरकर भोसल्यांच्या मुलखातही १८०३ च्या देवगावच्या तहानंतर ओढग्रस्त आली. कटक गेले, वर्धेपलीकडचा वऱ्हाड गेला आणि राहिलेल्या मुलखावर वसुलीचा भार वाढला. गावे वर्षावर्षाच्या ठेक्याने पाटलांना दिली जात आणि जास्त देणारा पुढे आला की जुन्या पाटलाच्या हातून गाव जाई. १८१८ नंतर रेसिडेंट जेन्किन्स याने कारभार पाहिला व १८२७ साली या मुलखाचा सविस्तर अहवाल लिहिला. ठेक्याची मुदत वाढविल्याखेरीज शेती सुधारणार नाही, हा या साऱ्या अनुभवाचा बोध होता.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. स्पर्धा चांगली की वाईट हे स्पर्धेवर नव्हे, तर ती कशाची लावली यावर ठरते. निव्वळ आकड्याची स्पर्धा लावली तर तो आकडा कोणीतरी दुसरा भरतो. इजाऱ्यात तो रयतेने भरला. कामाच्या निविदेत केवळ कमी आकडा पाहिला तर तो मजूर भरतो किंवा भिंत भरते.

रेल्वेचे कंत्राट आणि बोरघाट

आजच्या अर्थाने कंत्राट पद्धत या देशात रुजली ती लोहमार्गांबरोबर. ग्रेट इंडियन पेनिनसुला रेल्वेने मुंबई ते ठाणे हा पहिला टप्पा फॅव्हिएल आणि फाउलर या इंग्रज कंत्राटदारांना दिला. कामाची सुरुवात ३१ ऑक्टोबर १८५० रोजी झाली आणि १६ एप्रिल १८५३ रोजी पहिली गाडी धावली. पुढील कामांत जमशेटजी दोराबजी यांच्यासारखे देशी कंत्राटदारही पुढे आले आणि त्यांनी नाव कमावले.

खरी परीक्षा झाली ती बोरघाटात. सुमारे सोळा मैलांत अठराशे फुटांची चढण, पंचवीस बोगदे आणि आठ मोठे कमानपूल असे ते अवघड काम. मुख्य अभियंते जेम्स बर्कले यांच्या आखणीनुसार ते फॅव्हिएल यांना मिळाले व १८५६ च्या जानेवारीत सुरू झाले. मुख्य कंत्राटदाराच्या हाताखाली पोटकंत्राटदार, त्यांच्या हाताखाली मुकादम आणि सर्वांत तळाशी मजूर, अशी साखळी होती. वरून निघालेला पैसा तळापर्यंत पोहोचेलच असे नव्हते. मजुरी थकली, असंतोष वाढला आणि जानेवारी १८५९ मध्ये घाटात दंगल उसळली. त्याच वर्षी फॅव्हिएल यांनी काम सोडले. १८६० साली सरकारला खास कायदा करावा लागला. रेल्वे व इतर सार्वजनिक कामांवरील मजूर आणि मालक यांच्यातील वेतनाचे तंटे लवकर निकालात काढावेत हा त्याचा हेतू होता.

काम नंतर सॉलोमन ट्रेडवेल यांच्याकडे आले. परंतु हिंदुस्थानात आल्यावर थोड्याच दिवसांत, सप्टेंबर १८५९ अखेर, त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी कंत्राट सोडले नाही. जाणत्या व्यवस्थापकांच्या हाती प्रत्यक्ष काम सोपवून त्यांनी ते तडीस नेले. १८६१ साली घाटात एका वेळी बेचाळीस हजारांपर्यंत माणसे राबत होती. २१ एप्रिल १८६३ रोजी घाटाचा मार्ग खुला झाला. रोगराईने आणि अपघाताने या घाटात हजारो मजूर मेले. त्यांची नावे कोणत्याही शिलालेखावर नाहीत.

तरीही कथा संपली नव्हती. १८६७ च्या पावसाळ्यात घाटातील एक मोठा दगडी कमानपूल कोसळला आणि या रेल्वेच्या इतर पुलांच्या गवंडीकामातही दोष असल्याचे चौकशीत दिसून आले. बाहेरून घडीव दगड, आत भराव कसा हे काम चालू असताना कोणी पाहिले, हा प्रश्न पूल पडल्यावर विचारून उपयोग नव्हता. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. या कंपन्यांना त्यांच्या भांडवलावर पाच टक्के परताव्याची हमी सरकारने दिलेली होती. परतावा कमी पडला तर तो हिंदी रयतेच्या करातून भरला जाई. खर्च वाढला तरी ज्याचे काही बिघडत नाही, त्याच्या हाती काटकसर राहत नाही, हा धडा तेव्हाचा आहे.

भिवापूरला या लोहमार्गांची ओळख झाली ती बंगाल नागपूर रेल्वेमुळे. नागपूरहून उमरेड, भिवापूरवरून नागभीडला जाणारी अडीच फुटी रुळांची छोटी गाडी १९०८ साली सुरू झाली. शतकाहून अधिक काळ ती या भागाची सोबती होती. मार्गाच्या रुंदीकरणासाठी २०१९ साली ती थांबली. तिने मिरची नेली, धान्य नेले, शिकणारी मुले नेली. तिच्या रुळांखालील प्रत्येक पूल आणि मोरी कोणीतरी दर देऊन, मोजमाप देऊन बांधलेली होती.

नियम कसे घडले

सार्वजनिक बांधकामाचे स्वतंत्र खाते १८५४ साली, डलहौसीच्या काळात निघाले. त्याच वर्षी नागपूरचे राज्य खालसा झाले आणि १८६१ साली मध्य प्रांत अस्तित्वात आला. हळूहळू कामाआधी अंदाजपत्रक, ठरलेला नमुना, मोहोरबंद लखोटे, ठरल्या वेळी सर्वांसमक्ष उघडणे, तुलनात्मक तक्ता, मोजमाप पुस्तिका, अशी शिस्त बसत गेली. महाराष्ट्रात कंत्राटदारांना परिचित असलेले 'ब-१' व 'ब-२' हे नमुने याच शिस्तीतले. पहिल्यात ठरलेल्या दरांवर किती टक्के जास्त वा कमी हे सांगावयाचे असते, तर दुसऱ्यात प्रत्येक बाबीचा दर वेगळा भरावयाचा असतो.

यातील प्रत्येक कलमामागे कारण आहे. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे देकार स्वीकारला गेल्याचे कळविण्यापूर्वी तो परत घेता येतो. म्हणून कोणी पोकळ आकडा टाकून पळू नये यासाठी बयाणा रक्कम घेतात. काम झाल्यावर दोष दिसू लागतात ते पहिल्या पावसाळ्यात, म्हणून बिलातील काही रक्कम राखून ठेवतात. लखोटा मोहोरबंद असतो तो एकाचा दर दुसऱ्याला कळू नये म्हणून, आणि उघडणे सर्वांसमक्ष असते ते नंतर कोणी आकडा बदलू नये म्हणून. बंद लखोटा आणि उघडी सभा, या दोन्ही मिळून निविदा होते. एक सोडली तर दुसरी पुन्हा रुमालाखाली जाते.

न्यायालयाची शिकवण

जानेवारी १९७७ मध्ये मुंबई विमानतळावर एक दुय्यम दर्जाचे उपाहारगृह आणि दोन स्नॅक बार चालविण्यासाठी निविदा मागविण्यात आल्या. बोलणारा किमान पाच वर्षांच्या अनुभवाचा नोंदणीकृत उपाहारगृहचालक असावा, अशी अट होती. सहा निविदा आल्या. सर्वांत मोठी रक्कम देणाऱ्याची, म्हणजे दरमहा ६,६६६ रुपये ६६ पैसे देणाऱ्याची निविदा स्वीकारली गेली. परंतु तो या अटीत बसत नव्हता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. रमण दयाराम शेट्टी खटल्याच्या ४ मे १९७९ रोजीच्या निकालात न्यायमूर्ती भगवती यांनी तत्त्व घालून दिले की, सार्वजनिक संस्थेने एकदा कसोटी जाहीर केली की तिने स्वतःही ती पाळली पाहिजे. अट शिथिल होणार हे आधी माहीत असते तर त्या अटीमुळे घरी बसलेले इतरही पुढे आले असते; त्यांच्यावर अन्याय झाला. मात्र दाद मागण्यास झालेला उशीर आणि दरम्यान झालेला खर्च पाहून न्यायालयाने ते कंत्राट रद्द केले नाही. म्हणजे हरकत घ्यावयाची ती वेळेवर घ्यावी, हेही त्यातून शिकावे.

देवस्थानांना अधिक जवळचा निकाल १९८६ सालचा आहे. आंध्र प्रदेशातील एका मठाची जमीन खाजगी बोलाचालीने वीस लाख रुपयांना विकण्यास परवानगी देण्यात आली होती. चेंचू रामी रेड्डी खटल्यात तीच जमीन ऐंशी लाखांना घेण्याची तयारी पुढे आली. धर्मसंस्थेची मालमत्ता खाजगीत नव्हे, तर जाहीर लिलावाने विकली जावी, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. वीस आणि ऐंशी यांतील साठ लाखांचे अंतर हे रुमालाचे मोल होय. महाराष्ट्राच्या विश्वस्त कायद्यातील ३६ व्या कलमानुसार देवस्थानाची स्थावर मालमत्ता विकण्यास धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, ती याच चिंतेपोटी.

घराजवळचा दाखला

भिवापूरकरांना दूरचे दाखले नको असतील तर वैनगंगेवरील गोसीखुर्द धरण जवळच आहे. १९८३ साली या प्रकल्पाचा मंजूर खर्च ३७२ कोटी रुपये होता. २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते भूमिपूजन झाले. अडीच लाख हेक्टरांना पाणी देण्याचे उद्दिष्ट असलेल्या या प्रकल्पाला पुढे राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. त्याच सुमारास सुधारित खर्च ७,७७७ कोटींवर गेला आणि २०१६ साली तो १८,४९४ कोटींवर पोहोचला. महागाई, भूसंपादन, पुनर्वसन, वाढलेली कामे आणि लांबलेली वर्षे ही त्याची कारणे आहेत. सारा दोष निविदांना देता येणार नाही. परंतु कामांचा दर्जा आणि निविदांची पद्धत यांविषयी शासकीय समित्यांनी व महालेखापरीक्षकांनी प्रश्न उपस्थित केले आणि २०१६ पासून काही निविदांसंबंधी गुन्हेही नोंदले गेले. दोषी कोण हे ठरविणे न्यायालयाचे काम. गावाने एवढेच लक्षात ठेवावे की, निविदेच्या कागदातील त्रुटीची किंमत शेवटी कालव्याच्या टोकाशी पाण्याची वाट पाहणारा शेतकरी मोजतो.

२०१४ साली राज्य शासनाने तीन लाखांहून अधिक रकमेच्या कामांना ई-निविदा आवश्यक केली. ही मर्यादा पुढे बदलत गेली. लखोट्याची जागा संगणकाने घेतली. साधन बदलले, तत्त्व तेच राहिले.

तुलनात्मक तक्ता

गावाच्या पातळीवर हे तत्त्व कसे चालते, ते एका कल्पित उदाहरणाने पाहता येईल. सभामंडपाची एक हजार चौरस फूट फरशी बसवावयाची आहे असे समजा. पहिल्याने चौरस फुटाला २१० रुपये सांगितले, सर्व काही धरून; एकूण २,१०,००० रुपये. दुसऱ्याने १७५ रुपये सांगितले, एकूण १,७५,०००. सभेत सर्वांचे डोळे दुसऱ्याकडे वळतात. पण कागद नीट वाचला तर त्यात पॉलिश वेगळे, चौरस फुटाला २५ रुपये, आणि वाहतूक वेगळी, १२,००० रुपये, असे खाली बारीक अक्षरांत लिहिलेले असते. बेरीज होते २,१२,००० रुपये. स्वस्त वाटलेला महाग निघाला. तिसऱ्याने सर्व धरून १,९८,००० सांगितले, परंतु निम्मी रक्कम आगाऊ मागितली आणि दोषदुरुस्तीची हमी दिली नाही. आता विचार करावयाचा तो आकड्याचा नव्हे, तर जोखमीचा.

म्हणून दर मागविण्यापूर्वीच सर्वांना एकच कागद द्यावा लागतो. फरशी कोणत्या जातीची, किती जाडीची, खालचा थर किती इंचांचा, पॉलिश कोणाकडे, पाणी व वीज कोणाची, मुदत किती, पैसे कोणत्या टप्प्याने, राखीव रक्कम किती आणि किती महिने, हे सारे त्यात यावे. कागद एक असेल तरच तीन दर एका तराजूत बसतात. नाहीतर एका पारड्यात तांदूळ आणि दुसऱ्यात धान घालून वजन केल्यासारखे होते.

सर्वांत कमी दर घेतलाच पाहिजे असे कायदा सांगत नाही. परंतु तो का सोडला, हे लिहून ठेवले पाहिजे. समितीतील कोणाचा नातलग निविदा भरणार असेल तर त्या सदस्याने निर्णयाच्या वेळी बाजूला बसावे. यात त्याचा अपमान नाही. उलट त्याच्या नावाला राख लागू नये म्हणून ही काळजी. गावच्या कारागिरालाही यातून संरक्षण मिळते. त्याला काम मिळाले तर 'ओळखीने मिळाले' असे कोणी म्हणू शकत नाही, आणि नाही मिळाले तर का नाही, ते त्याला कळते.

भिंतीच्या आतला भराव डोळ्यांना दिसत नाही, हे बोरघाटाने दाखविले. इजाऱ्याची बोली शेवटी रयतेने भरली, हे पेशवाईने दाखविले. जीर्णोद्धाराच्या फायलीत तुलनात्मक तक्ता, मंजुरीचा ठराव, मोजमाप आणि अखेरचे बिल एकत्र बांधून ठेवले, तर पन्नास वर्षांनी पुन्हा शिखर दुरुस्त करावे लागेल तेव्हा येणाऱ्या पिढीला कळेल की कोणता दगड कोठून आला, किती भावाने आला आणि इतर कोणाचे दर का नाकारले गेले. दात्यांची नावे संगमरवरावर कोरली जातात. त्यांच्या पैशाचा हिशेबही तेवढ्याच ठळकपणे मंदिराच्या फलकावर लागावा. कोणीही यावे आणि वाचावे. हातावर रुमाल नसावा.